मागचा पलंग

जितेंद्र अण्णा बंगळुरात बसवनगुडीतल्या घरून काम करायचे. प्रत्येक मीटिंगला त्यांचा कॅमेरा सुरू, आणि मागे त्यांच्या आजारी आईचा पलंग, उशाशी औषधं, दोरीवर टॉवेल. मी त्यांची टीम लीड. क्लायंटसमोर मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

"अण्णा, एक तर कॅमेरा बंद ठेवा, नाहीतर मागचं ब्लर करा ना!"

"सरी, ठीक आहे, करतो," म्हणायचे. दोन वर्षांत एकदाही केलं नाही. शेवटी मी त्यांच्या अप्रेझलमध्ये लिहिलंच, 'काम चोख, पण घर आणि ऑफिस वेगळं ठेवता येत नाही.'

गेल्या महिन्यात त्यांची आई गेली. पंधरा दिवसांनी अण्णा मीटिंगला आले, तेव्हा त्यांच्या मागचं सगळं ब्लर होतं. बाकीचे गेल्यावर मी थांबले.

"अण्णा, ब्लर करायची एवढी काय घाई होती? राहू द्यायचं होतं तसंच."

 

"आता ब्लर चालतं, मॅडम. मीटिंगमध्ये सारखं मागे वळता यायचं नाही, म्हणून स्क्रीनवर माझ्याच चौकोनात बघत बसायचो... आईच्या छातीवरची गोधडी हलतेय ना, ते."