तांबडे कल्ले

लेकाचं हे वागणंच जनाबाईला पटत नव्हतं. पाकिटातलं खाणं बाधून चंपी मांजर आजारी पडली, तेव्हापासून खाणं तपासून दिवा लावणाऱ्या यंत्राच्या वाटीत हिरवा दिवा लागल्याशिवाय सुधाकर तिला घासही देईना. कारखान्याच्या शिक्क्याशिवाय वाटी हिरवी होत नव्हती, आणि शिक्क्याच्या पाकिटाला चंपी तोंड लावत नव्हती. तीन दिवस उपाशी.

जनाबाईने बंदरावरून बांगडा आणला. वाटीने तांबडा दिवा लावला. तिने कल्ले उघडले, तेही तांबडेलाल. चाळीस वर्षं डोक्यावर विकायच्या मासळीची टोपली असताना मागे मांजरांची वरात असायची, ती आठवली. बांगडा उकडून आधी स्वतः एक घास खाल्ला, मग उरलेला तळहातावर घेऊन पुढे केला. चंपीने हाताला वाससुद्धा उरू दिला नाही.

"सुध्या, तुझ्या वाटीचं तांबडं म्हणजे धोका, माझ्या बांगड्याचं तांबडं म्हणजे ताजा मासा. ह्याच तांबड्यावर तू एवढा वाढलास, मेल्या!"