दोन थाऊ

व्हर्जिलनं बंदुकीची नळी आतून कातायचा, मापाचा रीमर खाली ठेवला आणि शेजारचा उचलला. दोन थाऊ मोठा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण शिशाच्या गोळीला बरोबर कळतो. गोळी सुटण्याआधी नळीत जिथं टेकते, त्या जागेला रायफली करणारे गळा म्हणतात. गळ्यात गोळी चपखल बसली तर सरळ जाते. सैल बसली तर कलते, आणि मग कुठं जाईल ते देवालाच ठाऊक.

रायफल डेलबर्टची होती. डेलबर्ट नूट्सन, चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, गोलमटोल, सदा हसणारा. नेमबाजी क्लबच्या सप्टेंबरच्या सामन्यात नऊ वर्षं हा पहिला आणि नऊ वर्षं व्हर्जिल दुसरा. क्लबात ओकच्या पाटीवर फक्त पहिल्याचं नाव रंगवतात. अख्ख्या विस्कॉन्सिनमधून लोक ज्याच्याकडे रायफल करून घ्यायला येत, त्या व्हर्जिलचं नाव त्या पाटीवर एकदाही लागलं नव्हतं. आणि हा बाबा ऑक्टोबरात त्याच्याच दारात येऊन म्हणाला होता, "जुनी नळी झिजली रे. नवी रायफल तूच कर. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही मी."

व्हर्जिलच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता माझ्याच हातानं मी दहाव्यांदा दुसरा व्हायचं? तोंडानं मात्र तो म्हणाला, "करतो की."

आणि केलीही जीव ओतून, कारण वाईट काम त्याला जमतच नव्हतं. अक्रोडाचा दस्ता तीन आठवडे घासला. चाप असा जमवला की नुसतं मनात आणावं आणि सुटावा. रायफल जसजशी देखणी होत गेली तसतसा तो जास्तच जळत गेला. एकदा आर्लीन कॉफी घेऊन आली, दस्त्यावरून हात फिरवून म्हणाली, "स्वतःसाठी कधी केली होतीस का रे अशी?" बायकोचं ते बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं.

रायफलीबरोबर गळ्याचा ठसा, वितळलेलं गंधक आत ओतून घेतलेला, द्यायची त्यांच्यात रीत. त्या ठशावरून गिऱ्हाईक आपल्या गोळ्यांचा साचा करून घेतं. व्हर्जिलनं ठसा आधीच ओतून ठेवला होता, अगदी योग्य मापाचा. आता मोठा रीमर फिरवला की ठसा एक सांगणार आणि नळी दुसरंच. गोळ्या कुठंही भरकटतील. डेलबर्ट स्वतःलाच दोष देईल. म्हणेल, वय झालं, हात कापतो.

व्हर्जिलनं रीमर आत घालून फिरवला. केसाएवढा कीस बाहेर आला. त्यानं तो फुंकरीनं उडवला आणि दुकान बंद करून जेवायला गेला.

सप्टेंबर उजाडला. मैदानावर सॉसेज भाजली जात होती, बिअरची पिंपं उघडली होती. पाटी रंगवणारा ओटो हातात ब्रश घेऊनच फिरत होता. "काय व्हर्जिल, यंदा तरी नाव लावायचं, की खाली उभं राहून वाचायचंच?"

"रंग कालवून ठेव," व्हर्जिल म्हणाला.

आणि खरंच, दोनशे यार्डांवर त्यानं आयुष्यातला सर्वांत चांगला डाव मारला. दहाही भोकं हाताच्या तळव्यात मावतील एवढ्यात. मग डेलबर्ट बसला. दहा गोळ्या, सावकाश. कागद आला तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमले. दहा भोकं एका अक्रोडाखाली झाकली असती. व्हर्जिलनं कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"कुठल्या साच्याच्या गोळ्या या?" त्यानं कसंबसं विचारलं.

डेलबर्ट लाजला. "रागावू नकोस हं. तुझा तो ठसा मी ट्रकमधून उतरताना पाडला. चक्काचूर! तुला सांगायची लाज वाटली, म्हणून घरीच नवा ओतला. मोजतो तर नेहमीच्या मापाहून दोन थाऊ मोठा. पुन्हा ओतला, पुन्हा तेच. म्हटलं, व्हर्जिलचा हात तर चुकणं शक्य नाही. त्यानं ठेवलंय तर त्यात काहीतरी डोकं असणार. मग गोळीचा साचाच तेवढा मोठा करून घेतला." तो लोकांकडे वळला. "आणि ही गलेलठ्ठ गोळी गळ्यात काय घट्ट बसते म्हणून सांगू!"

"माझीही तशीच कर," कुणीतरी ओरडलं. "आधी माझी!" दुसरा म्हणाला.

ओटो ब्रश बुडवून शिडीवर चढला. डेलबर्टनं त्याचा पाय धरला. "थांब. माझं नाव नऊदा झालं. यंदा व्हर्जिलचं लिही. आज जिंकली ती त्याची अक्कल."

टाळ्या पडल्या. ओटोनं ब्रश टेकवायला हात वर नेला. व्हर्जिल त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. ती जागा मिळावी म्हणून नऊ वर्षं त्याचा जीव तळमळला होता.

"नको," तो म्हणाला. "थांब, ओटो. डेलबर्टचंच लिही. माझं नको."

डेलबर्टचे डोळे भरून आले. त्यानं व्हर्जिलला खांद्याशी घट्ट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघितलंत? नऊ वर्षं दुसरा येतोय, पण जळणं म्हणून या माणसाला माहीतच नाही!"