पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

“पुन्हा वाचा, मास्तर,” सत्यभामा म्हणाली.

मोहनराव मास्तरांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. पाटोद्यात इंग्रजी येणारे ते एकटेच. निजामाचं राज्य; कचेरीचा कारभार उर्दूत, शाळाही उर्दूत; इंग्रजी कागद वर्षातून एखादाच त्यांच्या ओट्यावर यायचा. हा सिकंदराबादच्या छावणीतून आला होता, तिथल्या दवाखान्याच्या कारकुनाचा. दोनच ओळी होत्या. सत्यभामाच्या नवऱ्याला, राधाकिशनला, घोड्यानं छातीत लाथ मारली, ही पहिली.

“दुसरी ओळ नडतेय,” मास्तर म्हणाले. “कारकून मद्रासी दिसतो. कानावर पडलं तसं लिहितो. इथं त्यानं ‘लीव्ह’ लिहिलंय. मराठीत म्हणायचं तर दुसरी वेलांटी. तसं धरलं तर, ‘तो सोडणार नाही.’ पण त्याला ‘लिव्ह’ म्हणायचं असलं, पहिली वेलांटी, तर ‘तो जगणार नाही.’”

राधाकिशनचे वडील, तात्याबा, ओट्याच्या कडेला बसले होते. त्यांनी फक्त पटका काढून मांडीवर ठेवला.

सत्यभामानं पदर पुढे ओढला. सासऱ्यांसमोर ती एरवी एवढं बोलत नसे. “दोन्हीचे अर्थ सांगा. सगळे.”

“लिव्ह म्हणजे जगणं. एखाद्या गावी राहणं, तेही लिव्ह. कशावर तरी गुजराण करणं, तेही लिव्हच.”

“आन् दुसरा?”

“लीव्ह म्हणजे निघणं. गाव सोडणं, चाकरी सोडणं, माणूस सोडणं. माणूस मरताना जे मागं ठेवतो, तेही लीव्ह. साहेबाची परवानगी, ती लीव्ह. रजा, तीही लीव्ह.”

“रजा?” सत्यभामा पुढे सरकली. राधाकिशन छावणीत एका गोऱ्या साहेबाचा सईस होता, त्याचे घोडे सांभाळायचा. आठ वर्षांत चारदा घरी आला. रजाच मिळत नाही, हे त्याचं उंबऱ्यातलं पहिलं वाक्य असायचं. “मंग रजा न्हाई मिळणार, असंच लिव्हलं आसंल.”

“असेल.”

“न्हाईतर चाकरी सोडणार न्हाई, असं.”

“तसंही असेल, बाई.”

“एका येलांटीनं माणूस मरतो व्हय, मास्तर?”

मास्तरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

“तुमी त्यांना कागद लिव्हा,” ती म्हणाली. “सरळ इचारा, माणसाचं काय झालं. कारकुनाला न्हाई, डाक्टराला.”

मास्तरांनी तिथेच बसून लिहिलं.

गावानं मात्र उत्तराची वाट पाहिली नाही. पंधरा दिवसांतच बायका सत्यभामाशी दबक्या आवाजात बोलू लागल्या. शेजारी लग्न निघालं, तेव्हा हळद दळायला तिला बोलावणं आलं नाही. ती न बोलावता गेली. जात्याला सवाष्णी बसल्या होत्या. एकीला हातानं बाजूला सारून तिनं खुंटा धरला आणि पायली संपेपर्यंत सोडला नाही. कुणाची तिला उठवायची हिंमत झाली नाही.

घरी सासूनं तोंड उघडलं. केसरबाईंचे डोळे रडून सुजले होते.

“पिंड न्हाई दिला तर लेकरू तसंच फिरत राहील माझं. तुला कुकू लई प्यारं झालंय?”

“जित्या माणसाचा पिंड देत न्हाईत, आत्याबाई.”

“जिता हाय कशावरून?”

“मेले कशावरून?”

तात्याबांनी दोघींना गप्प केलं. उत्तर येऊ द्या, म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांनी मुलाचं नाव घेणं टाकलं. ‘तो’ म्हणू लागले. सत्यभामा मात्र दर सोमवारी उपास धरायची आणि चूल पेटवताना राधाकिशनच्या नावानं दोन भाकरी जास्तीच्या थापायची. त्या रात्री उरायच्या, सकाळी म्हशीला जायच्या.

उत्तर दीड महिन्यानं आलं. बाजारचा दिवस होता. तात्याबा बैल बघायला थांबले, सत्यभामा एकटीच मास्तरांच्या ओट्यावर चढली.

या वेळी डॉक्टरनं स्वतः लिहिलं होतं. अक्षर छापल्यासारखं. लिव्ह होतं, लीव्हही होतं, आणि दोन्ही जिथल्या तिथं. मास्तरांनी आधी मनात वाचलं. मग तिला अर्थ सांगितला.

सत्यभामा कागदाजवळ सरकली. मग म्हणाली, “परत. एकेका शब्दावर बोट ठिवून.”

मास्तरांनी तसं वाचलं. बाजारातून बैलांच्या घुंगुरमाळांचा आवाज येत होता.

“आता शंका न्हाई ना?”

“नाही, बाई.”

“मामंजी येतील आता. म्हाताऱ्या माणसाला सगळं कशाला सांगायचं? एकच शब्द सांगा.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी मान डोलावली.

तात्याबा आले तेव्हा ती ओट्याखाली उभी होती. तिनं पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदा, दोनदा, कातडी लाल होईपर्यंत.

“आत्याबाईंचंच खरं व्हतं, मामंजी. पहिली येलांटी.”

तात्याबा होते तिथेच खाली बसले. मग त्यांनी हात पुढे केला. “मला वाचून दाखवा, मास्तर. लेकाचं शेवटचं हाय.”

मास्तरांनी कागद डोळ्यांसमोर धरला.

“‘तो जगला नाही.’ एवढंच आहे.”

तात्याबांनी कागद मागून घेतला, कपाळाला लावला आणि पटक्याच्या घडीत नीट खोचला. दोघं घरच्या वाटेला लागली. सासरा पुढं, सून मागं.

कागदावर लिहिलं होतं: ‘राधाकिशन वाचला. गेल्या महिन्यात तो इथून गेला. त्याची बायको दोन मुलांना घेऊन त्याला न्यायला आली होती.’