नरकचतुर्दशीचं तेल

हिंगणघाटच्या प्रमिलाबाईंचा गजेंद्र गोव्याला समुद्रातल्या जिवाणूंवर संशोधन करायचा. दोन हजार सहाच्या दिवाळीला तो घरी आला, तो परतीचं तिकीट घेऊनच.

नरकचतुर्दशीला त्याला पाटावर बसवून त्या तेल चोळायला लागल्या. त्याची वऱ्हाडी बोली गोव्यातल्या पहिल्याच वर्षी गेली होती. पाठीवरचा तीळ गेल्या दिवाळीला सापडला नव्हता. यंदा दंडावरची देवीच्या लशीची खूणही बोटांना लागेना.

"तुह्या किड्याईचं काय चाललं रे?" त्यांनी उगाच विचारलं.

"भर समुद्रात खायला फार कमी असतं, आई. म्हणून जी जनुकं लागत नाहीत, ती ते पिढ्यानपिढ्या टाकत जातात. त्यांचं काही अडत नाही."

लहानपणी बेंबीत तेलाचा थेंब घातल्याशिवाय तो पाटावरून उठत नसे. त्या आठवणीनं प्रमिलाबाईंनी बोटावर थेंब घेतला आणि त्याच्या पोटावर सोडला.

थेंब कुठंच न थांबता सरळ खाली ओघळला. त्यांनी पोट चाचपलं. वरपासून खालपर्यंत ते गुळगुळीत होतं.

"गजू, बेंबी कुठी गेली रे तुही?"

त्यानं खाली पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"ती कशाला असते?" त्यानं अगदी आदरानं विचारलं.