मधल्या फळीतली जागा

तिसऱ्यांदाही त्या माणसाने सटवाच्या पायातला बॉल अलगद काढून नेला, आणि सटवाचं डोकं सणकलं. जिल्ह्याच्या खालच्या डिव्हिजनमध्ये का होईना, बारा वर्षं मधल्या फळीत खेळलेला गडी तो! त्याला कोणी असं पोरासारखं खेळवावं? तेही भर दुपारी बाराच्या उन्हात, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या मैदानावर.

दुष्काळाचं तिसरं साल होतं. ऊस नाही म्हणून गाळप नाही. सटवा सहकारी कारखान्याच्या संघाकडून खेळायचा, आणि त्यापायी कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागलेला. 'पुढच्या हंगामात कायम करतो,' असं चेअरमन सुंदरराव दरसाल सांगायचे. आज मात्र निकाल लावायचा होता. अंबाजोगाईच्या एका शाळेला फुटबॉल शिकवणारा माणूस हवा होता. संध्याकाळपर्यंत हजर झालं नाही तर ती जागाही जाणार.

"बारा वर्सं झाली. आजून किती वाट बघनार तुमी?" बायको, वच्छला, सकाळीच बोलली होती. सटवाचं काही ठरेना. पाय मोकळे करावेत म्हणून बॉल घेऊन मैदानावर आला, तर हा उपटसुंभ कुठून तरी येऊन भिडला.

"कोन गावचा रं तू?"

"वडगावचा. ईश्वरप्पा." माणूस हाताच्या अंतरावर होता, पण आवाज शेताच्या पार पलीकडून आल्यासारखा. एवढं पळूनही अंगावर घामाचा टिपूस नव्हता. "हाफला खेळतो, मधल्या फळीत. हंगामी हाय. पन औंदा कायम करनार हायेत."

म्हणजे आपली जागा गेलीच की! बॉल तिथेच टाकून तो तडक ऑफिसात शिरला.

"सायेब, दुसरा हाफ आनला तर निदान सांगायचं तरी!"

सुंदररावांनी खिडकीचा पडदा जरासा सारला आणि मैदानाकडे पाहिलं. ते दचकले नाहीत की चकितही झाले नाहीत.

"त्यो व्हय? ईश्वरप्पा हाय त्यो. बहात्तरच्या दुष्काळात ह्याच मैदानावर ऊन लागून मेला. गाळप बंद पडलं की येतो दुपारचा. तवा आमचे वडील चेअरमन हुते, त्यांनी त्याला कायम करायचा शब्द दिलता."

सटवा दोन पावलं मागे सरला.

"त्याला काय बोलू नको हां," सुंदरराव मायेने म्हणाले. "आशेवर हाय बिचारा. आन तुजं बी बघू की पुढल्या हंगामाला."

मेलेल्या माणसाची वाटली नाही एवढी भीती सटवाला त्या मायेच्या आवाजाची वाटली. तो बाहेर पडला.

मैदानावर ईश्वरप्पा एकटाच बॉल घेऊन फिरत होता. तसंच पळत सुटावं, असं सटवाला वाटलं. पण ईश्वरप्पासाठी त्याचा जीव तुटला. आपल्यासारखाच गडी, आणि किती वर्षं हे ऊन खातोय! तो जवळ गेला.

"दादा, ऐक माजं. तुला कुनी कायम करनार न्हाई. शब्द देनारा मेला, तू बी मेलास. आता सोड ही जागा. मी बी चाललो अंबाजोगाईला, एकच्या यष्टीनं."

ईश्वरप्पाने बॉल पायाखाली दाबून धरला. मग त्याचा चेहरा हळूहळू खुलला.

"तुज्या आदीचे दोगं हाफ बी जाताना ह्येच सांगून गेले," तो म्हणाला. "जा बाबा, सुखानं जा. आजून एक कमी झाला. आता औंदा माजा नंबर पक्का!"