डेपोतल्या दोन जागा

"सांगितलंस ना साहेबांना, कुठली जागा ते?" नवऱ्याने विचारलं.

"सांगितलं काय सांगायचं ते," ती म्हणाली आणि वाकून चपलेचा पट्टा घट्ट केला.

डेपोत चालकांच्या दोनच जागा होत्या. एक खुली, एक बायकांसाठी राखीव. टेस्टच्या आधी प्रत्येकाने आपली जागा साहेबांना सांगायची, मग ती बदलायची नाही, असा इथला नियम. उमेदवारांत बाई ती एकटीच. दोघं ज्या कंपनीच्या बस चालवायचे ती बुडाल्यापासून घर कसंबसं चाललं होतं, आणि जाहिरात आल्यापासून नवऱ्याची टकळी थांबत नव्हती.

"तुझं बरंय बाई. बस नुसती चालू केलीस तरी नोकरी. मरमर करायची ती आम्ही."

सासूबाईसुद्धा वैतागल्या होत्या. "अरे, तिचा पगार घरातच येणार ना?"

"पगार येईल गं आई, पण मान? हिंमत असेल तर आमच्यात उतरावं म्हणावं!"

रोज जेवताना हेच. ती वाढत राहायची. माणूस मुळात वाईट नव्हता, बेकारीने कडवट झाला होता. पण ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

टेस्ट म्हणजे दोन खांबांमधून बस रिव्हर्सने आत घालायची. बहुतेकांनी खांब पाडले. नवऱ्याला एकदा पुढे घ्यावी लागली, पण त्याने घातली. तिने आरशात बघत एका दमात घातली. उन्हात उभ्या नवऱ्याच्या तोंडून नकळत "वा!" निघून गेलं.

साहेब घाम पुसत बाहेर आले. "पहिला नंबर बाईंचा. दुसरा त्यांच्या मिस्टरांचा."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. राखीव जागा तिची, खुल्यात तोच सगळ्यांच्या वर. कित्येक महिन्यांनी तो मोकळं हसला. "जा, आजपासून तुला एका शब्दाने बोलणार नाही. दोघांचे पगार! आईला फोन लाव."

तिने फोन काढला नाही.

"अभिनंदन बाई," साहेब म्हणाले. "खुली जागा तुमची. राखीव जागा कुणी मागितलीच नाही, ती पुन्हा जाहिरातीला जाईल."

"साहेब, काहीतरी चुकतंय. हिची तर राखीव..." बोलता बोलता नवरा तिच्याकडे वळला.

तिचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं होतं, पहिला नंबर तुमचाच येईल."