पहिल्या नंबरचं गाणं

विलायतेतल्या त्या जुन्या रॉक बँडचं पहिल्या नंबरचं गाणं कोणतं, यावरून बापलेकीची जुंपली होती.

"गिटार ऐन रंगात येते आणि गाणं कचकन थांबतं. असा शेवट करायला छाती लागते," हिंदुराव म्हणाले. कॉलेजात त्यांच्या बँडने ते तसंच वाजवून स्पर्धा जिंकली होती. ढाल अजून कपाटावर होती.

"थांबतं कुठे, बाबा?" मुक्ताने मोबाइलवर गाणं लावलं. ठरल्या जागी गिटार थांबलीच नाही. चांगली दोन मिनिटं वाजत राहिली आणि हळूहळू विरून गेली.

हिंदुरावांच्या आता लक्षात आलं. मित्राने भरून दिलेली त्यांची कॅसेटच तिथे संपत होती.

मग त्यांनी ढाल खाली काढली आणि सदऱ्याच्या टोकाने पुसली.

"म्हणजे तो शेवट आमचा होता," ते म्हणाले. "त्यांचं गाणं आता दुसरं. पहिलं आमचं."